ऑपरेशनआधीचा पातळ आहार: चार्ट चौथ्या दिवशीच का मोडतो?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

लठ्ठपणाच्या ऑपरेशनआधी, मग ती स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढणं) असो की बायपास (जठर छोटं करून पुढच्या आतड्याला जोडणं), बहुतेक ठिकाणी दहा ते चौदा दिवस पातळ आहार लावतात. कागदावर 'सूप, ताक, दूध, प्रोटीन पावडर' एवढंच लिहिलेलं असतं. तो कागद घेऊन पेशंट औशाला नाहीतर कळंबला घरी येतो. दोन दिवस उत्साह असतो, तिसऱ्या दिवशी डोकं धरतं, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी चतकोर भाकरी दुधात कुस्करून 'पातळच तर आहे की' म्हणत पोटात जाते.

लोक भुकेला उगाच बदनाम करतात. चार्ट बहुतेक वेळा पातेल्यातच मोडलेला असतो: डाळीचं नुसतं पाणी, मिठाविना सूप, म्हशीचं निरसं दूध. येळवस (वेळ अमावास्येचा, शेतात जेवायचा सण) तोंडावर आली आहे आणि या दिवसांत ऑपरेशनच्या तारखा मिळालेले बरेच जण असतील. तेव्हा आहारातले, वॉर्डातले, औषध दुकानातले जाणकार इथे लिहा. 'मन घट्ट करा' छाप सल्ले नकोत, मापं लिहा.

पोषणवही

आधी कारण सांगते, कारण ते कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पांघरल्यासारखा असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात सर्जनला तो एका आकड्यानं उचलून धरावा लागतो, तेव्हा खालचं जठर दिसतं. जाड माणसाचं यकृत बहुधा चरबीनं सुजलेलं असतं. ते जड असतं, ठिसूळ असतं, उचलताना चिरतं आणि रक्त येतं. जागाच दिसेना तर पोट उघडावं लागतं किंवा ऑपरेशन थांबवून पुढची तारीख द्यावी लागते.

यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) साठलेलं असतं आणि प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पीठ आणि साखर बंद केली की हा साठा एक-दोन दिवसांत उतरतो, पाणी सुटतं, मग चरबीला हात लागतो. १२ आठवड्यांच्या एका प्रयोगात यकृत जेवढं आकसलं, त्यातलं सुमारे ८० टक्के पहिल्या दोन आठवड्यांतच आकसलं होतं. चौदा दिवसांचा आकडा उगाच आलेला नाही.

म्हणजे नेम यकृतावर आहे, दातांवर नाही. रोज ८०० ते १००० कॅलरी, कर्बोदकं १०० ग्रॅमच्या आत, प्रथिनं किमान ६० ते ८० ग्रॅम. उसाचा रस शंभर टक्के पातळ आहे आणि शंभर टक्के चुकीचा.

सरकी

मग पातळच कामून? भाकरी-भात सोडून पनीर, उकडलेली अंडी खाल्ली तर यकृताला काय फरक पडतो?

पोषणवही

सरकी, प्रश्न रास्त आहे. काही सर्जन कमी कर्बोदकांचं घट्ट जेवणही देतात, त्यानंही यकृत उतरतं. पातळ देण्यामागे दोन व्यवहार आहेत. एक, माप चुकत नाही. २०० मिली म्हणजे २०० मिली, 'थोडीशी भाजी' म्हणजे किती ते कुणीच सांगू शकत नाही. दोन, ऑपरेशननंतर काही आठवडे पातळावरच राहायचं असतं, त्याची घोट-घोट प्यायची सवय आधीच लागते. तुमच्या सर्जननं जो दिला तोच पाळा, दोन चार्टांची खिचडी करू नका.

आता एका दिवसाचं माप. हे मधुमेह आणि किडनीचा त्रास नसलेल्यांसाठी. बाकीच्यांनी खाली औषधांचं येईल ते आधी वाचा.

सकाळी आठला २०० मिली डबल टोन्ड (दीड टक्का फॅटच्या) दुधात एक स्कूप (३० ग्रॅम) व्हे आयसोलेट, म्हणजे दुधाच्या निवळीतली जवळपास नुसत्या प्रथिनांची पावडर. यात प्रथिनं साधारण ३१ ग्रॅम, कॅलरी २१०. साडेदहाला ताक: १०० ग्रॅम दही, १५० मिली पाणी, मीठ, जिरेपूड. दीडच्या सुमाराला ३० ग्रॅम मूगडाळीचं पूर्ण घोटलेलं सूप, २५० मिली. चारला पुन्हा दूध आणि स्कूप, सकाळसारखंच. साडेसहाला टोमॅटो किंवा दुधी भोपळ्याचं गाळलेलं सूप, त्यात बटाटा नाही, कॉर्नफ्लोअर नाही. साडेसातला दुसरं ताक. झोपण्याआधी २०० मिली दूध, बिनसाखरेचं. मध्ये एक चहा, अर्धा कप दुधाचा, साखर नाही.

बेरीज करा: कॅलरी ८००च्या आसपास, प्रथिनं ८५, कर्बोदकं ७०च्या आत. याशिवाय दोन ते अडीच लिटर साधं पाणी. ते जेवणाबरोबर नको, मधल्या वेळात थोडं थोडं.

दोन खाण्यांत तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. सहा तास कोरडे घालवून मग स्वयंपाकघरात शिरलं की चार्ट तिथंच संपला.

गाळणी

पातेल्यातल्या चुका सांगतो.

डाळीचं वरचं पाणी. कुकरमधून वरण शिजवून वरचं पिवळं पाणी ओतून घेतात आणि 'डाळ घेतली' म्हणतात. प्रथिनं तळाशी राहिलेली असतात. त्या वाटीभर पाण्यात एक-दोन ग्रॅम आली तरी खूप. ३० ग्रॅम डाळ हळद-मीठ घालून चार-पाच शिट्ट्या मऊ शिजवा, मिक्सरला फिरवा, २५० मिलीपर्यंत पाणी वाढवा आणि चहाच्या गाळणीतून चमच्यानं दाबत गाळा. फडक्यातून गाळलं तर निम्मी डाळ फडक्यालाच राहते. फोडणीला तेल अर्धा चमचा, त्यावर नाही.

दूध. गवळ्याच्या म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. ६०० मिली प्यालं तर ६०० कॅलरींच्या वर जातात, डबल टोन्डचे तेवढ्यात पावणेतीनशेच होतात. 'साय काढून घेतो' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, एकदा साय काढून दूध काही डबल टोन्ड होत नाही. पंधरा दिवस पिशवीचं किंवा खोक्यातलं आणा, गवळ्याला वाईट वाटत नाही.

पावडर. डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागे '१०० ग्रॅममध्ये' हा रकाना बघा. आयसोलेटला तिथे ८० ते ९० ग्रॅम प्रथिनं दिसतात. ३०-३५ दिसली आणि कर्बोदकं त्याहून जास्त, तर ती पावडर नाही, चवीचं पीठ आहे. स्किम्ड दूध पावडरही याच गटातली: १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम प्रथिनं, पण ५० ग्रॅम दुधातली साखर.

शेकरमध्ये आधी दूध, मग पावडर. उलटं केलं की तळाशी गोळा बसतो. उकळत्या दुधात टाकलं की व्हे फाटतं आणि रवाळ होतं, मग 'वास येतो' म्हणून डबा कपाटात जातो. कोमट किंवा गार घ्या. हलवल्यावर दहा मिनिटं ठेवा, फेस बसतो. फेसासकट प्यालं की पोट फुगतं आणि दोष पावडरीला लागतो. दुधानंच गुडगुडत असेल तर आयसोलेट पाण्यात घ्या. कॉन्सन्ट्रेट प्रकारच्या व्हेमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) जास्त असतं.

मांजराथडी

येळवशीचं काय करावं? आंबील पातळच असते, त्यात ताकच असतं. घरात सगळे शेतात कोपीपाशी बसून भज्जी-आंबील खायलेत अन् पेशंटनं शेकर हलवायचा? आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही.

पोषणवही

मांजराथडी, आंबिलीचा हिशोब करूनच टाकू. ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ. अर्ध्या लिटरच्या तांब्यात सरासरी ४५ ते ५० ग्रॅम पीठ जातं आणि ज्वारीच्या पिठात सत्तर टक्के कर्बोदकं. म्हणजे एका तांब्याला ३२-३५ ग्रॅम. शेतात कुणी एका तांब्यावर थांबत नाही. तिसऱ्याला दिवसाचा सगळा कोटा संपतो, तोही दूध-डाळ न धरता. उन्हात तहान लागते ती वेगळीच.

त्यामुळे बिनपिठाची करा. २५० मिली पातळ ताकाला ठेचलेली एक लसूण पाकळी, आल्याचा रस, जिरं, कोथिंबीर, मीठ. रात्रभर माठात ठेवा. आंबटपणा येतो, लसणाचा ठसका तोच राहतो. गाळून न्या. पूजा, शेत, गडबड सगळं करता येतं, फक्त तांब्या वेगळा. भज्जी मात्र कशीही पातळ केली तरी नाही, तिच्यात बेसन आणि दाणेच दाणे. पिठाच्या उंड्यांचं तर बोलायलाच नको.

हाच नियम येसरच्या आमटीला. येसरात भाजलेले गहू, बाजरी, हरभराडाळ दळलेली असते, आमटीला दाटपणा त्याच्यामुळेच येतो. काळा मसाला चालतो, येसर नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तारीख असलेल्यांना कटाची आमटी आणि तिथलीही आंबील याच रांगेत. आणि साबुदाण्याची खीर ही तर स्टार्चची पेज आहे, एकादशीचं नाव घेऊन आली तरी.

मटणाचा रस्सा विचाराल म्हणून आधीच: पातळ, बिनवाटणाचा, फ्रिजमध्ये गार करून वरचा चरबीचा थर उचलून काढलेला, गाळलेला चालतो. पण त्यात प्रथिनं फार नसतात, ते मीठ आणि चव भागवायला. स्कूपच्या जागी नाही.

औषधपेटी

हा भाग कृपया कुणी गाळू नका. वॉर्डात पोचण्याआधीच पेशंट आडवा होतो तो बहुतेक गोळ्यांमुळे.

जेवण एकदम ८०० कॅलरींवर आलं आणि मधुमेहाचं ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू राहिलं की साखर धाडकन खाली येते. मात्रा पहिल्या दिवशीच कमी करून घ्यायची असते. ती डॉक्टरनं ठरवायची, आपण नाही, पण विचारायचं काम आपलं. पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर दिवसातून चार वेळा बघा. ७०च्या खाली गेली किंवा घाम, थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, अर्ध्या ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. 'चार्ट मोडेल' म्हणून तेव्हा साखर न घेणारे असतात; ती साखर औषध आहे, खाणं नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीतून साखर काढतात. कमी कर्बोदकांच्या आहारात यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही म्हणून कुणाला संशय येत नाही. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी या थांबवतात. बरेच डॉक्टर आहार सुरू होतानाच थांबवतात. उलट्या, पोटदुखी, धाप असं एकत्र दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

रक्तदाबाच्या गोळीच्या नावामागे 'एच' लागलेला असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. पातळ आहारात शरीर पहिल्या आठवड्यात पाणी-मीठ सोडतंच, वर ही गोळी. उठताना अंधारी येत असेल तर बसून आणि उभं राहून दाब मोजा आणि डॉक्टरला कळवा.

मधुमेहाचं किंवा वजनाचं, आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्यांना आवर्जून सांगा. त्यानं जठर हळू रिकामं होतं.

आणि एक मजेशीर गोंधळ: 'पातळ' म्हणजे गोळ्याही कुटून घ्यायच्या असं समजणारे भेटतात. नावात एसआर किंवा एक्सआर असलेली गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. ऑपरेशनआधी गोळ्या अख्ख्याच गिळायच्या असतात.

कडबा

तिसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर काय? बरेच जण 'अशक्तपणा आला' म्हणून ग्लुकोजची पुडी फोडायलेत.

गाळणी

कडबा, ती भुकेची डोकेदुखी कमी आणि मिठाची जास्त असते. साठा उतरताना पाण्याबरोबर सोडियमही जातं. त्यातच चहाची सवय अचानक तोडली तर कॅफिनची वेगळी ठणक. म्हणून चहा-कॉफी पूर्ण बंद करू नका, साखर तेवढी काढा, आणि ताक-सूप मिळून दिवसाचं चमचाभर मीठ पोटात जाऊ द्या. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर हे माप डॉक्टरला विचारून. साधारण पाचव्या दिवसापासून डोकं मोकळं होतं, भूकही आपोआप मंदावते, कारण शरीर चरबीवर चालायला लागलेलं असतं. तेव्हा तोंडाला फळ आंबल्यासारखा वास येतो, तो त्याचाच.

ग्लुकोजची पुडी म्हणजे नुसती साखर. उन्हाळ्यात तारीख असेल आणि खरंच जुलाब-उलट्या झाल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस घ्या, लिटरभरात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, तेवढं परवडतं. खोक्यातली रंगीत 'एनर्जी' पेयं परवडत नाहीत. जालन्याच्या मोसंबीचा रसही नाही; ग्लासाला तीन-चार मोसंब्या, अठरा-वीस ग्रॅम साखर. शहाळ्याचं पाणी त्या मानानं हलकं, एका शहाळ्यात दहाएक ग्रॅम. किडनीवाल्यांना पोटॅशियममुळे तेही नको.

तेरणाकाठ

माहिती भरपूर जमली. पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळेबद्दल कुणी लिहा. घरात चुलीवर भाकऱ्या थापायलेत, ठेचा कुटायलेत, त्या वासात काय करावं? पेशंट बहुतेक त्या घरातली स्वयंपाक करणारीच असते.

वॉर्ड_नंबर_६

तेरणाकाठ, खरं दुखणं हेच. बाईला चार्ट देतात आणि सहा जणांच्या भाकरीची सुट्टी कुणी देत नाही. समुपदेशनाला नवऱ्याला, सासूबाईंना बरोबर बोलवा आणि चौदा दिवस संध्याकाळचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करेल हे तिथंच ठरवा. नाहीच जमलं तर भाकऱ्या दुपारी चारच्या शेकनंतर लगेच थापून ठेवायच्या. पोट भरलेलं असताना पिठात हात घालणं सोपं जातं. मीठ-तिखटाची चव बघायला पोरांना लावा. चमचा-चमचा चाखण्यात दोनशे कॅलरी कधी जातात कळत नाही.

साडेसहाचं सूप कडक तिखट करा. मिरे, लसूण, लिंबू. दिवसभर गोडसर व्हॅनिलाच प्यालेल्या जिभेला जे हवं असतं ते भाकरीपेक्षा तिखटमीठच असतं.

भूक मारायला तंबाखू-मिश्री वाढवणं सर्रास दिसतं आणि कुणी डॉक्टरला सांगत नाही. निकोटिननं टाक्यांची जागा भरायला उशीर होतो, पुढे जोडावर अल्सर होतो. सोडायची तर ती कित्येक आठवडे आधी. निदान चालू आहे हे लपवू नका.

संडास चार दिवस झाली नाही तर घाबरू नका, आत जाऊन उरणारं काही नाहीच. पोट दुखत असेल तर विचारून चमचाभर इसबगोल, मोठा ग्लास पाण्यासोबत.

सरकी

आणि खाल्लंच तर? समजा नवव्या दिवशी लग्नात पंगतीला बसले.

पोषणवही

लपवलं नाही तर फारसं बिघडत नाही. एका पंगतीनं यकृतातला साठा बराच भरतो, वजनकाट्यावर दुसऱ्या दिवशी किलो-दीड किलो दिसतं, ते बहुतेक पाणीच. दोन दिवस नीट पाळलं की उतरतं. दोन गोष्टी करू नका: भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी, आणि 'आता मोडलंच' म्हणत संध्याकाळी पुन्हा. पुढचा ठरलेला ग्लास ठरल्या वेळी घ्या.

मात्र शेवटच्या तीन-चार दिवसांत घडलं तर उतरायला वेळच उरत नाही. तेव्हा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाला फोन करून काय खाल्लं, किती, ते सांगा. ओरडतील. टेबलावर कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं.

वॉर्ड_नंबर_६

शेवटच्या दिवसाचं राहिलं. 'पातळ' आणि 'पारदर्शक' यात गल्लत झाली की ऑपरेशन त्या दिवशी रद्द होतं. दूध, ताक, टोमॅटो सूप पातळ आहेत, पारदर्शक नाहीत. भुलीच्या नियमात दुधाला किमान सहा तास, साध्या पाण्याला दोन तास धरतात. तुमच्या दवाखान्यानं 'रात्री बारानंतर काहीच नाही' लिहून दिलं असेल तर तेच खरं. ओळखायची खूण: ग्लासाच्या आडून पेपरातली अक्षरं वाचता आली तर पारदर्शक.

मांजराथडी

लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबईला जायचं असेल तर सोबत काय?

गाळणी

पावडर कोरडीच, एका वेळची एक अशा छोट्या डब्यांत मोजून. २०० मिलीचं स्किम्ड दुधाचं बंद खोकं. गाडीत चढल्यावर फोडा आणि लगेच संपवा. घरून कालवून नेलेला शेक काही तासांत आंबू शकतो. ताक नेऊ नका, थर्मासमध्ये गाळलेलं मुगाचं गरम सूप न्या, झाकण घट्ट लागतं का ते आधी पाणी भरून बघा. मीठ-जिऱ्याची पुडी वेगळी. शेकर प्याल्याबरोबर विसळा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या, नाहीतर सकाळी कल्याणला तो उघडल्यावर डब्यातले सगळे उतरतील.